चार हातांचा ड्रमर

“ताई, बाकी सगळं एक नंबर हाय. पण त्या झांजा तेवढ्या मशीन वाटत्यात ओ. मानूस वाजवतोय असं वाटत न्हाय.”

पृथ्वीराजचा हा निरोप मी खराडीहून सुटलेल्या बसमध्ये, एका हाताने दांडी धरून आणि दुसऱ्या हाताने फोन कानाला लावून ऐकला. पुढे तो जरा घुटमळला. मग म्हणाला, “शनवारपर्यंत अजून एकदा बघा. न्हाईच जमलं तर रविवारी मी स्टुडिओत ड्रमर बसवतो. वाईट वाटून घेऊ नका.”

वाईट वाटून घ्यायलाही थोडी ताकद लागते. ती त्या संध्याकाळी माझ्यात नव्हती. बस येरवड्याच्या पुलाअलीकडे उभी होती, आणि उभीच राहणार होती. मी निरोप पुन्हा ऐकला. “मशीन वाटत्यात.” दिवसभर कंपनीत परदेशी गिऱ्हाइकांच्या तक्रारी निस्तरताना मलाही तेच वाटत होतं, पण ते मला कुणी बोलून दाखवलं नव्हतं.

पृथ्वीराज हिंजवडीचा. मूळ गावातला, म्हणजे आयटी पार्क यायच्या आधीपासूनचा. त्याने आपल्या चुलत्यावर एक गाणं केलं होतं. चुलते, हिंमतराव, कंपनीची बस चालवतात. ज्या खाचरात त्यांनी पोरवयात भात लावला, त्याच जागेवरच्या पार्किंगमध्ये आता ते रोज बस लावतात आणि माणसं उतरवतात. गाण्यात तक्रार नाही, रडारड नाही. सकाळची पहिली फेरी, दुपारची डुलकी, संध्याकाळची शेवटची फेरी, एवढंच. मला ते गाणं मनापासून आवडलं होतं. त्याचा ठेका, म्हणजे मुलं ज्याला बीट म्हणतात तो, मी करत होते.

मी कॉम्प्युटरवर ठेके बांधते. ड्रम नाही, ड्रमर नाही. पडद्यावर चौकटी असतात, प्रत्येक चौकटीत एक आघात. बाकीचा ड्रम जमला होता. घोडं अडलं होतं ते दोन झांजांपाशी. एक हाय-हॅट. म्हणजे उभ्या दांडीवर एकमेकींवर बसवलेल्या दोन झांजा. पायाने दाबल्या की मिटतात, सोडल्या की उघडतात, आणि वरून काठीने वाजवता येतात. दुसरी राइड. उजव्या हाताला टांगलेली मोठी पसरट झांज, जिच्यावर काठीचं टोक टिंग, टिंग असं चालत राहतं. खऱ्या ड्रमरच्या हातात ह्या दोन गोष्टी सगळं गाणं पाठीवर घेऊन चालतात. माझ्याकडे त्या शिवणाच्या मशीनसारख्या चालत होत्या.

हे गाणं पास होण्यावर माझं टेबल राहणार होतं की जाणार होतं, ते ठरायचं होतं.

त्याचं असं झालं. कर्वेनगरातल्या आमच्या फ्लॅटमध्ये, सासूबाईंच्या खोलीला लागून, बाल्कनी बंद करून केलेली एक चिंचोळी खोली आहे. तिथे माझं टेबल, कॉम्प्युटर, दोन स्पीकर. आई, म्हणजे सासूबाईच, बाथरूमच्या दारात पडल्या आणि त्यांचं खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, घरी आणलं. दिवसा त्यांच्यापाशी मालनबाई असतात. रात्री हाक आली की मी उठते. एक महिना उठले, मग दुसरा. शेवटी डॉक्टर म्हणाले, रात्रीचं माणूस ठेवा. मालनबाई राहायला तयार झाल्या. त्यांना खाट हवी. आणि मागच्या रविवारी माझा नवरा आमोद मोजायची टेप घेऊन माझ्या खोलीत उभा राहिला.

“टेबल काढलं तर खाट अगदी बरोबर बसते,” तो म्हणाला.

“आणि टेबल?”

“घडी होतं ना त्याचं? तशी ही खोली फारशी कुणी वापरत नाही.”

आमोद वाईट माणूस नाही. पण “फारशी कुणी वापरत नाही” हे तो त्याच खोलीत बसलेल्या बायकोला म्हणाला, आणि टेपवरचा आकडा वाचत म्हणाला. मी भांडले नाही. इतकंच म्हटलं, “पृथ्वीराजचं गाणं पास झालं तर टेबल राहील. नाही झालं तर मीच उचलते.” मला वाटलं होतं, तो म्हणेल, अगं असं काय करतेस. तो म्हणाला, “चालेल.”

तेव्हा काय ते शनिवारी ठरणार होतं.

घरी पोचले तेव्हा मालनबाई आईंची वेणी घालून त्यांना भरवत होत्या. मालनबाई वाशीमकडच्या. गोड बोलतात, पण सोडत नाहीत.

“घ्या न आजी, दोन घास. ताई आल्या पाहा.”

“आली का?” आई म्हणाल्या. “मला वाटलं, खराडी आता वेगळ्या जिल्ह्यात गेली.”

आमच्या आई म्हणजे कीर्तनकार आनंदीबाई. हे मी पुन्हा पुन्हा सांगते, त्याचा मला कंटाळा नाही. मी कॉलेजात असताना हॉस्टेलजवळच्या मंदिरात त्यांचं कीर्तन असे. पहिल्यांदा गेले ती प्रसादाच्या शिऱ्यासाठी. पूर्वरंग संपला, त्यांच्या कपाळी बुक्का लागला, गळ्यात हार पडला, पदर खोचून त्या आख्यानाला उभ्या राहिल्या, आणि शिरा वाटून संपला तरी मी उठले नाही. त्यानंतर त्यांचं एकही कीर्तन चुकवायचं नाही असा नेम धरला. पुढे त्यांच्या मागे बसून झांज वाजवू लागले. तिथेच पेटीच्या मागे, कायम उशिरा येणारा त्यांचा मुलगा भेटला. मी लग्न केलं त्यात निम्मा वाटा कीर्तनाचा होता, हे आमोदलाही माहीत आहे. “माझा निम्मा तरी होता ना,” असं तो चारचौघांत म्हणतो.

आता आईंचा आवाज गेला आहे. ऑपरेशनच्या आधीच बसला होता, आता बोलतात तेही खरखरीत. पण कान तसेच आहेत. आणि जीभही.

मी हातपाय धुतले, देवापाशी निरांजन लावलं, उभ्याउभ्या चहा घेतला आणि टेबलाशी बसले. हेडफोनची एक बाजू बंद पडली होती म्हणून स्पीकर बारीक लावला. मधलं दार उघडंच होतं. आईंना ते उघडं लागतं.

ह्या गाण्यावर मी काय काय केलं होतं ते आठवलं तरी बोटं दुखतात. प्रत्येक आघात सारख्याच जोराचा पडत होता, म्हणून एकेक उचलून कमीजास्त केला. सगळे आघात रेघेवर पडत होते, म्हणून काही केसभर अलीकडे ओढले, काही पलीकडे. सॉफ्टवेअरमध्ये एक बटण असतं, त्याचं नावच ‘ह्यूमनाइझ’. माणूस करणारं बटण. ब्रह्मदेवाला जे काम अजून नीट जमलेलं नाही, ते एका दाबात होईल असं वाटण्याइतकी मी भोळी नाही, पण दमलेली होते, म्हणून दाबून पाहिलं. झांजा माणसासारख्या झाल्या खऱ्या, फक्त तो माणूस पिऊन आलेला होता. कुठेही जोरात, कुठेही हळू, कशाला काही कारण नाही. मग ते पुसलं आणि पुन्हा हाताने सुरुवात केली. आघात वाढवले. मधल्या मोकळ्या जागा भरल्या. उघडी हाय-हॅट घातली, तिच्यावर राइड, राइडवर आणखी बारीक बारीक टिचक्या. मला वाटत होतं, जिवंतपणा कमी पडतोय म्हणजे काहीतरी कमी पडतंय.

गाणं मी पुन्हा सुरू केलं. दुसरं कडवं आलं.

“मागे दोघं उभे आहेत का गं?” आतून आईंनी विचारलं.

मला वाटलं त्यांना भास झाला. ऑपरेशननंतर थोडे दिवस व्हायचे. मी उठून दारात गेले. “कुठे, आई?”

“तुझ्या गाण्यात. टाळाला दोघं घेतलेस ना?”

“टाळ नाहीये तो.”

“असेल काही. पण दोघांचं भांडण झालंय. एक आपला टिंग टिंग करतोय, दुसरा आपलं चिक चिक. एकमेकांकडे बघत नाहीत. कुणी थांबायला तयार नाही.” त्यांनी मालनबाईंच्या हातातला चमचा बाजूला सारला. त्यांना विषय मिळाला होता. “मला एका गावी सप्ताहात असे मिळाले होते. आमच्या नारदीय कीर्तनात मागे टाळकरी नसतात, पण गावचा मान असतो, उभे करावे लागतात. सख्खे चुलतभाऊ. बांधावरून कोर्टात. मी ‘देव’ म्हटलं की ह्याचा टाळ पडायचा, ‘भक्त’ म्हटलं की त्याचा.”

“मग काय केलंत?”

“आख्यान बदललं. भावाभावांच्या प्रेमाचं लावलं. अगदी जीव तोडून सांगितलं.”

“रडले असतील,” मालनबाई म्हणाल्या.

“छे. त्यातला एक उठून चहाला गेला. पण मागे टाळ एकच राहिला. कीर्तन काय रंगलं म्हणून सांगू.”

मला हसू आलं. बऱ्याच दिवसांनी आलं होतं. “आई, पण माझ्या गाण्यात दोघं नाहीत. एकच माणूस आहे. ड्रमर. तोच हे वाजवतो, तोच ते वाजवतो.”

“एकच?” आईंनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. “हात किती आहेत त्याला?”

“चतुर्भुज झाला असेल,” हॉलमधून आमोद म्हणाला. “म्हणून आवाज असा येतोय. दमलेला.”

“तुला दमायला काय झालं?” आई तिकडे न बघताच म्हणाल्या आणि चमचा पुन्हा तोंडाशी घेतला. त्यांच्या दृष्टीने तो विषय संपला होता. “मालन, ह्या खिचडीत मीठ राहिलंय का घातलंच नाहीस?”

मी परत टेबलाशी आले आणि पडद्याकडे नुसती बघत बसले.

दुसऱ्या कडव्यात उजवा हात राइडवर. बरोबर. डावा हात मधल्या ड्रमवर. बरोबर. आणि त्याच वेळी हाय-हॅटवर काठीचे बारीक आघात चाललेले, अखंड. ती काठी कोणाच्या हातात? वर मी अधूनमधून एक मोठी झांजही घातली होती, शोभा म्हणून. ती कोण वाजवणार? मी बोटाने मोजलं. राइडवरच्या जादा टिचक्या धरल्या तर एके ठिकाणी पाच हात निघाले. तिथे खरोखर देव येऊन बसला असता तरी त्याला शेजारणीकडून एक उसना घ्यावा लागला असता.

इतके दिवस मी प्रत्येक आघात माणसासारखा करत होते. तो वाजवणाऱ्याला दोनच हात असतात, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. ज्याच्यापुढे रोज निरांजन लावायचं तो शंख, चक्र, गदा, पद्म घेऊन उभा असतो, आणि त्यात आपल्याला काही वावगं दिसत नाही. घरातही एका माणसाने खराडी करायची, दूध तापवायचं, रात्री उठायचं, गाणी बांधायची, ह्यात कुणाला वावगं दिसलं नव्हतं. मलाही नाही. मी माझ्यासारखाच ड्रमर केला होता.

त्या दिवशी मी फक्त पुसलं. जिथे उजवा हात राइडवर आहे तिथली हाय-हॅट पुसली. मोठी झांज पुसली. गाणं इतकं उघडं पडलं की मला भीती वाटली. मग संगणक बंद केला.

शनिवारी सकाळी आईंचं अंग पुसून झालं, आमोद भाजी आणायला गेला, आणि मी स्वयंपाकघरातून दोन लाकडी डाव आणले. स्टुलावर बसले. मांडीवर उशी ठेवली, तो मधला ड्रम. डावीकडे वर्तमानपत्रांची चळत, ती हाय-हॅट. उजवीकडे खुर्चीची पाठ, ती राइड. आणि गाणं लावून वाजवायला लागले. आवाज कशाचाच धड येत नव्हता, पण मला आवाज नको होता. हाताला कुठे कुठे जावं लागतं ते पाहायचं होतं.

मालनबाई दारातून बघून गेल्या. परत आल्या. “ताई, डाव धुऊन ठेवजा बरं मग,” एवढंच म्हणाल्या.

जे पडद्यावर महिनाभर दिसलं नाही ते खांद्याला लगेच कळलं. हाय-हॅटवरून राइडवर जायचं तर हात उचलावा लागतो, फिरवावा लागतो. निघण्यापूर्वीचा शेवटचा आघात आपोआप हलका पडतो, कधी पडतच नाही, कारण मन आधीच निघालेलं असतं. आणि राइडवरचा पहिला आघात हाताच्या झोकाने जरा जड पडतो. पुढचे मग झुलत जातात, एक भरीव, एक पोकळ, कारण प्रत्येक वेळी खांद्यातून मारणं परवडत नाही, मधला नुसता मनगटातून सुटतो. हात राइडकडे गेला की हाय-हॅटपाशी उरतो फक्त पाय. तो आपला दाबून झांजा मिटवत राहतो. चिक. थांबून, चिक. काठीचा नाही, मिटण्याचा आवाज.

आणि मिटण्यावरून मला झांज आठवली. आईंच्या मागे मी वाजवायचे ती. झांज वाजवणं म्हणजे निम्मं ती गप्प करणं. हे मला कुणी शिकवलं नव्हतं, आईंच्या तर्जनीने शिकवलं होतं. आख्यानात कसोटीचा शब्द जवळ आला की आई बोलता बोलता नुसती तर्जनी वर करायच्या. वळून बघायच्या नाहीत. मागे तबला उतरायचा, पेटी एका सुरावर थांबायची, मी झांज छातीशी धरून तळव्याने विझवायचे. मग तो एक शब्द यायचा. सभामंडपात पंख्याचा आवाज ऐकू यायचा. त्या विझवण्यासाठी मी वाजवत होते, असं आता वाटतं.

माझ्या गाण्यात विझत काहीच नव्हतं. उघडी हाय-हॅट वाजायची आणि तिच्यानंतर मिटलेली वाजली तरी उघडीचा आवाज मागे रेंगाळत राहायचा, जणू एकाच दांडीवर दोन जोड्या. ते मी नीट केलं. मिटली की मिटलीच. राइडचं उलट होतं. तिथे प्रत्येक नवा आघात आधीचा आवाज कापून टाकत होता. खरी राइड तशी नसते. पहिल्या टिंगने धातू हलायला लागलेला असतो, पुढचं टिंग त्या हलण्यावरच पडतं, आणि हळूहळू खाली एक गुंजन साठत जातं, मंदिरात आरतीनंतर काही वेळ राहतं तसं. ते साठू दिलं.

मग पृथ्वीराजचा आवाज ऐकला. इतके दिवस मी त्याला बंद करून काम करत होते, झांजा स्वच्छ ऐकू याव्यात म्हणून. तो कुठे श्वास घेतो, कुठल्या शब्दावर येऊन थबकतो, हे आता पाहिलं. तिथे राइड सैल सोडली. ‘खाचर’ ह्या शब्दाच्या आधी मला स्वच्छ तर्जनी दिसली. तिथे मी सगळं बंद केलं. नुसता पाय ठेवला.

हे सगळं पडद्यावर चौकटीत मांडून झाल्यावर वाटलं, आता एकदा सलग वाजवून पाहावं, आणि जसं पडेल तसंच उतरवावं. डाव बाजूला ठेवले. टेबलावर दोन-चार रबरी बटणांचं एक छोटं यंत्र आहे, त्यावर बोटांनी वाजवलं की आघात जोरासकट नोंदले जातात. पहिलं कडवं छान गेलं. दुसरं गेलं. मध्येच आईंनी पाण्यासाठी हाक मारली, मालनबाईंनी दिलं, मी थांबले नाही. शेवटच्या कडव्यात माझं मनगट भरून आलं. महिनोन्‌महिने झोप अर्धी, वर हे. राइडवरचे मधले हलके आघात सुटायला लागले. भरीव तेवढे राहिले. पायाचं चिक मी डाव्या बोटाने वाजवत होते, ते मात्र पडत राहिलं. शेवटची ओळ आली तेव्हा उजवा हात खरोखर उचलवत नव्हता. मी एक आघात केला आणि त्याला वाजू दिलं, विझेपर्यंत.

ऐकून पाहिलं. शेवट दुरुस्त करायला हवा होता. सुटलेले आघात दुसऱ्या कडव्यातून उचलून तिथे चिकटवले असते तर काही मिनिटांचं काम होतं. मी माऊस हातात घेतला. मग ठेवला. तसंच पृथ्वीराजला पाठवलं आणि डाव धुऊन ठेवले.

जेवणं झाली. आई झोपल्या. आमोद फोनवर खाटा बघत होता. “ही लोखंडी बरी,” तो म्हणाला. “घडीची पण आहे एक. बघतेस?”

“पृथ्वीराजचं येऊ दे.”

“नुसती बघून ठेवू म्हटलं.”

मी टेबल पुसत बसले. ते स्वच्छच होतं.

फोन आला तेव्हा मागे गाड्यांचे हॉर्न ऐकू येत होते.

“ताई, ड्रमर कोन बोलावला ओ?”

“कुणी नाही.”

“खरं सांगा. माझा रविवारचा मानूस तुमच्याकडं आलाय का?”

“अरे, मी आणि स्वयंपाकघरातले दोन डाव. हवं तर आमच्या मालनबाईंना विचार.”

तो हसला, पण अर्धवट. “मानूस वाटतोय आता. खराखुरा. पण एक सांगू का? शेवटच्या कडव्यात दमलाय तो.”

मी टेबलाच्या कडेवर हात ठेवला. आमोद दारात येऊन उभा होता. टेप त्याच्या खिशात दिसत होती. मला म्हणता आलं असतं की ते मुद्दाम केलंय, तो फील आहे. हल्ली फील म्हटलं की कुणी पुढे विचारत नाही.

“हो,” मी म्हटलं. “मीच दमले होते. दुरुस्त करता येतं. पण मला ते करायचं नाही. तुला नको असेल तर उद्या ड्रमर बसव, मी राग धरणार नाही.”

पृथ्वीराजने कुणाला तरी हाक मारली. मग म्हणाला, “थांबा. काका हितंच हायत. त्यांना लावून दावतो.”

ते गाणं मी फोनमधून, हिंजवडीच्या रस्त्यावरून परत आलेलं ऐकलं. फोनमधून खालचे जड आवाज येतच नाहीत. नुसता त्याचा आवाज आणि झांजा. ‘खाचर’पाशी सगळं थांबलं तेव्हा तिकडेही थोडं थांबल्यासारखं वाटलं. मग शेवटचं कडवं, सुटत सुटत गेलेली राइड, पाय, आणि शेवटचा विझत गेलेला आघात. मी आमोदकडे बघत नव्हते.

“शेवटची फेरी अशीच असती,” एक जाडसर आवाज म्हणाला. हिंमतरावच असणार. “मोकळी बस. हात नुसता गिअरवर ठेवायचा. कुनी बोलत न्हाय, आपन बी बोलायचं न्हाय.”

“राहू द्या ताई,” पृथ्वीराज फोनवर आला. “हात लावू नका आता. ड्रमरला नको म्हनून सांगतो. नाव काय टाकू? ड्रम्सला?”

“तनुजा.”

“फकस्त?”

“बास एवढंच.”

फोन ठेवला. आनंद झाला का, तर झाला. पण तो लांबून आल्यासारखा आला, शेजारच्या फ्लॅटमध्ये कुणाला काही चांगलं झाल्यासारखा. जरा वेळाने आपल्या घरात पोचेल असं वाटलं.

“पास?” आमोदने विचारलं.

“पास.”

“मग खाट?”

“आईंच्या खोलीत. खिडकीपाशी.”

“तिथे माझी सायकल आहे.”

ती व्यायामाची सायकल. तिच्यावर टॉवेल आणि आईंचे गाऊन वाळतात. आमोद तिच्यावर शेवटचा कधी बसला ते आईंनाही आठवत नाही, आणि त्यांना सगळं आठवतं.

“काढ,” मी म्हटलं.

“कुठे ठेवू?”

“ते तू बघ. आणि खाट येऊन मालनबाई राहायला लागेपर्यंत रात्री आईंची हाक आली की एकदा तू उठायचं, एकदा मी. आज तू.”

तो खिशातून टेप काढून हातात फिरवत राहिला. मला वाटलं, आता काहीतरी लागेल असं बोलेल, त्याच्या आईचाच मुलगा आहे.

“म्हणजे ड्रमरचे काढलेले दोन हात मला लावणार तर,” तो म्हणाला.

“तुला आहेत ते पुरेत.”

आतून आईंचा आवाज आला. झोपल्या नव्हत्या, किंवा आता जाग्या झाल्या होत्या. “चहा मिळेल का कुणाच्या हातचा? कुणाच्याही चालेल.”

मी सवयीने निघाले होते. आमोद माझ्या आधी स्वयंपाकघराकडे वळला. आलं कुठे आहे, असं त्याने विचारलं नाही. भांडी बरीच आपटली, पण विचारलं नाही. मी आईंच्या खोलीत गेले आणि त्यांच्या पायथ्याशी उभी राहिले. करायला काही नव्हतं. हातांना कुठे ठेवावं ते कळेना, म्हणून ते कमरेवर गेले.

आईंनी डोळे बारीक करून मला पाहिलं.

“विठोबासारखी काय उभी राहिलीस?”

“चहा आमोद करतोय.”

त्यांनी स्वयंपाकघरातला आवाज जरा वेळ ऐकला. झाकण पडलं, गोल फिरलं, फिरत फिरत थांबलं.

“मग राहा तशीच,” आई म्हणाल्या. “करू दे त्याला.”